नमुना अर्जावरचा स्पर्धक

छापखान्यात त्यांना सगळे स्वल्पविराम म्हणत. एक तर ते मुद्रितशोधक होते आणि चाळीस पानांच्या पुस्तिकेत एखादा स्वल्पविराम गळला तरी त्यांना जेवण जात नसे. दुसरं कारण असं, की छापखाना तिसऱ्या मजल्यावर होता आणि जिना चढताना ते प्रत्येक वळणावर थोडे थांबत. दम लागला असं त्यांनी कधी कबूल केलं नाही. भिंतीवर आगीसंबंधीची एक सूचना होती, ती ते वाचल्यासारखं करत. सत्तावीस वर्षं रोज दोनदा वाचून आग लागल्यावर काय करू नये हे त्यांना तोंडपाठ झालं होतं.

अशा माणसाचं नाव समुद्रकाठच्या ट्रायथलॉनमध्ये कसं गेलं, हे नीट सांगायला हवं, कारण पुढे ज्याने त्याने ते आपापल्या सोयीने सांगितलं. ट्रायथलॉन म्हणजे आधी साडेसातशे मीटर समुद्रात पोहायचं, मग वीस किलोमीटर सायकल हाणायची, आणि एवढं करूनही अंगात काही शिल्लक असेल तर पाच किलोमीटर पळायचं. हे सगळं एकाच सकाळी, एकाच माणसाने. वाटून घ्यायची सोय नाही.

त्या स्पर्धेची माहितीपुस्तिका आणि प्रवेश अर्ज त्यांच्याच छापखान्यात छापायला आले होते. मजकूर तपासून झाल्यावर स्वल्पविरामांना वाटलं, अर्जातल्या चौकटी फार अरुंद आहेत, यात माणसाचं नाव मावायचं कसं? वाटलं आणि सोडून दिलं, असं त्यांच्या हातून होत नसे. त्यांनी एक अर्ज घेतला आणि नमुन्यादाखल भरून पाहिला. नाव स्वतःचं घातलं, कारण ते लांब होतं. पत्ता स्वतःचा घातला, कारण तो त्याहून लांब होता. वय बावन्न. 'यापूर्वी पूर्ण केलेल्या स्पर्धा' या चौकटीत दोन आकडे मावतात का हे पाहायला ११ लिहिलं. सही नेमकी कुठे पडते हे पाहायला सही केली. मग कोपऱ्यात पेन्सिलीने 'चौकटी रुंद कराव्यात' अशी सूचना लिहिली आणि तो अर्ज प्रुफांबरोबर आयोजकांकडे पाठवून दिला.

आठ दिवसांनी घरी लिफाफा आला. चौकटींबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. 'आपल्यासारख्या अनुभवी स्पर्धकाचं स्वागत आहे,' असं मात्र होतं. स्पर्धक क्रमांक सात. छापखान्याच्या माणसांना प्रवेश विनामूल्य होता, त्यामुळे ती अडचणही कुणाला आली नव्हती.

स्वल्पविराम दुसऱ्याच दिवशी आयोजकांच्या कार्यालयात गेले. एक खोली, एक टेबल, आणि टेबलामागे चष्म्याला साखळी लावलेल्या एक कारकूनबाई. फार सौम्य बाई होत्या. सरकारी माणूस निदान खेकसतो तरी, मग आपल्यालाही आवाज चढवता येतो. या बाईंनी आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग विचारलं, "बोला, काय काम होतं?"

"माझं नाव काढायचंय. ते चुकून आलंय. तो अर्ज नमुना होता."

बाईंनी फाइल उघडली. "ही सही तुमची आहे?"

"माझीच आहे. पण नमुन्याची."

"नमुन्याची सही तुम्ही वेगळी करता का?"

सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढलेल्या माणसाला या वाक्यात एकही चूक सापडली नाही.

"नाव काढता येतं," बाई म्हणाल्या. "पण वैद्यकीय कारण लागतं. डॉक्टरांचं पत्र आणा, मी लगेच काढते."

हे सोपं होतं. या वयात एखादा आजार निघणारच, असा स्वल्पविरामांना स्वतःवर विश्वास होता. ते नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब पाहिला, गुडघे वाकवले, डोळ्यांत विजेरी मारली आणि म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही."

"काहीच नाही?"

"वजन थोडं जास्त आहे."

"मग तेवढं लिहा ना."

डॉक्टरांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "एवढ्यावर तुम्हाला आजारी ठरवलं, तर मला उद्यापासून दवाखाना बंद ठेवावा लागेल," असं म्हणून त्यांनी खरं तेच लिहिलं. प्रकृती उत्तम. स्वल्पविराम ते पत्र घेऊन परत कार्यालयात गेले, निदान बोलून पाहावं म्हणून. कारकूनबाईंनी पत्र हातात घेतलं, वाचलं, आणि त्यांचा चेहरा फुलला. "बरं झालं आणलंत. तुमच्या फायलीत एवढंच कमी होतं." त्यांनी पत्राला भोकं पाडली आणि फायलीत लावलं.

आता घरी सांगणं आलं. त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. अर्ध्या गावाने तिच्याकडून पाढे शिकलेले, त्यामुळे घराबाहेर सगळे तिला बाईच म्हणत. आपणही म्हणू. बाई जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या.

"मी एका स्पर्धेत आहे असं दिसतंय," स्वल्पविराम म्हणाले, आणि सगळा प्रकार सांगितला.

बाईंनी मान वर केली नाही. "पोहायचंही आहे त्यात?"

"समुद्रात."

"तुम्ही?"

"हो."

"बरं," बाई म्हणाल्या. पण हातातलं लाल पेन एका बिचाऱ्याच्या भूमितीवर थरथरत होतं. मग त्या उठल्या, पाणी पिते म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. तिथे त्या बराच वेळ पाणी प्यायल्या. मधूनच खोकल्याही.

माणसाने तोंडावर हसावं, त्याचं काही वाटत नाही. त्या तोंडावर हसल्या असत्या तर स्वल्पविरामही हसले असते, दोघांनी मिळून तो लिफाफा रद्दीत टाकला असता आणि गोष्ट इथेच संपली असती. पण बायकोने आपली अब्रू राखायला स्वयंपाकघरात जाऊन हसावं, हे फार लागलं.

"मी जाणार आहे," ते स्वयंपाकघराच्या दाराला म्हणाले. आवाज ठरवल्यापेक्षा मोठा निघाला आणि खालच्या मजल्यापर्यंत गेला.

खालच्या मजल्यावर वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक राहत. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासल्यामुळे जगात सगळंच थोडं कमी भरतं, असं त्यांचं ठाम मत होतं. दहा मिनिटांत ते वर आले. संध्याकाळपर्यंत इमारतीतले सगळेच एकेक करून आले. एकाने सांगितलं की समुद्रात पोहणं तलावापेक्षा सोपं, कारण मिठामुळे माणूस आपोआप तरंगतो. दुसऱ्याने सांगितलं की तेच अवघड, कारण मीठ डोळ्यांत जातं. दोघंही कधी पोहलेले नव्हते, त्यामुळे वाद अर्धा तास रंगला. स्वल्पविरामांना पोहता येतं का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघाला, तोही निरीक्षकांच्या तोंडून.

"नाही," स्वल्पविराम म्हणाले.

"मग किती दिवस आहेत हातात?"

"अठरा आठवडे."

"कमी भरतात," निरीक्षक म्हणाले. "पण सायकलीची काळजी सोडा. माझी घ्या. आणि व्यवस्था सगळी माझ्याकडे."

अशा रीतीने स्पर्धकाच्या आधी व्यवस्थापक तयार झाला.

पोहायला शिकवायला नगरपालिकेच्या तलावावर एक मेट्रन होत्या. म्हणजे पूर्वी इस्पितळात मेट्रन होत्या, निवृत्तीनंतर तलावावर आल्या, पण आवाज बदलायची गरज त्यांना वाटली नव्हती. वय सदुसष्ट, हातात लांब बांबू, आणि समोर उथळ पाण्यात सहा-सात वर्षांची चौदा पोरं. पंधरावे स्वल्पविराम.

"पहिले पंधरा दिवस फक्त तरंगायचं," मेट्रन म्हणाल्या. "हातपाय हलवायचे नाहीत. मान सैल. कान पाण्यात. छताचे दिवे मोजा."

ऐकायला सोपं वाटतं. पण बावन्न वर्षं ज्या माणसाने मान ताठ ठेवूनच आयुष्य काढलं, त्याला ती सैल सोड म्हटलं की ती सापडत नाही. स्वल्पविराम आडवे होत, मान वर काढून आपले पाय कुठे आहेत ते पाहत, आणि पाहताक्षणी बुडत. शेजारची पोरं पानासारखी तरंगत होती. त्यांतली एक पुढचे दात पडलेली मुलगी त्यांना रोज धीर द्यायची. "आजोबा, घाबरू नका, इथे तुम्ही उभे राहिलात तर पाणी कमरेपर्यंतच आहे." आजोबा हा शब्द त्यांना बुडण्यापेक्षा जास्त झोंबायचा.

बाराव्या दिवशी मेट्रनबाईंनी पाठीखाली बांबू धरला आणि विचारलं, "किती दिवे आहेत?"

"नऊ."

"नीट मोजा."

"नऊच आहेत. पण दोन बंद आहेत. आणि भिंतीवरच्या पाटीवर 'खोल' शब्दातला ल उलटा लावलाय."

"बांबू मी मघाशीच काढून घेतलाय," मेट्रन म्हणाल्या.

हे ऐकताच स्वल्पविराम बुडाले. पण त्याआधी जवळजवळ मिनिटभर ते तरंगले होते, आणि ते त्यांना कुणी हिरावून घेऊ शकणार नव्हतं. पुढे हात आले, पाय आले, श्वास आला. पोहण्याला तसा काही आकार आला नाही. मेट्रन म्हणत, "तुम्ही पोहताना कुणीतरी पेटी उघडायचा प्रयत्न करतंय असं वाटतं." तरी पेटी पुढे सरकायला लागली. तरंगणं मात्र त्यांना असं जमलं की मेट्रन नव्या पोरांना त्यांच्याकडे बोट दाखवून सांगत, "तसं पडून राहायचं."

पळण्याची तऱ्हा वेगळीच. सकाळी ते बसच्या रस्त्याने पळत, कारण तोच सपाट होता. पहिल्याच दिवशी मागून बस आली. लालबुंद तोंडाने जिवाच्या आकांताने धावणारा मध्यमवयीन माणूस पाहून चालकाला दया आली. त्याने थांबा नसताना बस थांबवली आणि दार उघडलं. आतले सगळे प्रवासी मान वळवून पाहू लागले. आता एवढ्या चांगल्या माणसाला नको कसं म्हणायचं? स्वल्पविराम चढले. पुढच्या थांब्यावर उतरून पुन्हा पळू लागले, तर मागून दुसरी बस आली आणि तीही थांबली. पहिला आठवडा हे असं चाललं. पाच किलोमीटरांतले तीन ते बसने पळत. शेवटी त्यांनी त्या चालकाला सगळं सांगितलं. मग तो थांबायचा बंद झाला, पण जाताना हॉर्न वाजवून आतल्या प्रवाशांना दाखवायचा, हेच ते.

घरी बाई आपल्या उत्तरपत्रिका तपासत असत. पण एके दिवशी स्वल्पविरामांना कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला एक आलेखाचा कागद दिसला. खाली आठवडे, डावीकडे मिनिटं, आणि निळ्या पेन्सिलीने जोडलेले ठिपके. त्यांच्या पोहण्याची वेळ बाई मेट्रनना फोन करून विचारत होत्या.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"आलेख," बाई म्हणाल्या. "उतार चांगला आहे. गेल्या आठवड्यात जरा सपाट झालाय, तिकडे बघा."

स्वल्पविरामांनी त्या सपाट ठिपक्यांवर बोट ठेवलं. सत्तावीस वर्षांत त्यांच्या कुठल्याच गोष्टीचा आलेख कुणी काढला नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी किनाऱ्यावर दोनशेवर माणसं होती. बहुतेक सगळी बारीक, काटक, अंगाला घट्ट कपडे चिकटलेली. सायकलींच्या तळावर त्यांच्या सायकली लोखंडी दांडीला टांगलेल्या होत्या, एकेक अशी हलकी की वाऱ्याने डोलत होती. निरीक्षकांची सायकल टांगायचा प्रश्नच नव्हता, दांडी वाकली असती. तिला स्टँड होता. ती सगळ्यांच्या मधोमध आपल्या पायांवर उभी राहिली. मागच्या कॅरियरला निरीक्षकांनी एक पिशवी आवळून बांधली होती आणि तिच्या आत काय काय आहे याची यादी वर टाचली होती. इमारतभर थट्टा झालेले, नट आवळायचे तीन पाने, तेलाची डबी, चिंध्या, टॉवेल, आणि वजन करायचा एक ताणकाटा.

"ताणकाटा कशाला?" स्वल्पविरामांनी विचारलं.

"असू द्या," निरीक्षक म्हणाले. "लागला म्हणजे कळेल."

खरा घोळ टोपीच्या वेळी झाला. नवशिक्यांना पांढरी टोपी आणि मागून सोडायचं, मुरलेल्यांना पिवळी टोपी आणि आधी सोडायचं, अशी पद्धत होती. स्वल्पविरामांच्या हातात पिवळी आली.

"माझी पांढरी असायला हवी," ते टोप्या वाटणाऱ्या माणसाला म्हणाले.

त्याने यादी पाहिली. "क्रमांक सात. अकरा स्पर्धा पूर्ण." मग त्याने आदराने वर पाहिलं. "काका, विनय कशाला? जा पुढे."

पुढे गेल्यावर दोन्ही बाजूंना असे खांदे होते की स्वल्पविरामांना वाटलं आपण दोन कपाटांच्या मध्ये सापडलोय. शिट्टी झाली. पिवळ्या टोप्या पाण्यात घुसल्या आणि अर्ध्या मिनिटात समुद्रात एकच पिवळी टोपी उरली. बाकीच्या क्षितिजाकडे निघून गेल्या होत्या.

समुद्र तलावासारखा नव्हता. तो हलत होता. तळ दिसत नव्हता, आणि मोजायला छत नव्हतं. पहिल्या पन्नास मीटरांत स्वल्पविराम तीनदा पाणी प्यायले आणि दोनदा त्यांनी परत जायचं ठरवलं. पण वळून पाहिलं तर किनाऱ्यावर बाई हातात घड्याळ घेऊन उभ्या होत्या. ते उताणे झाले, कान बुडवले, छत नाही म्हणून ढग मोजले. चार ढग. मग पुन्हा पालथे होऊन पेटी उघडायला लागले.

त्यांच्याबरोबर एक जीवरक्षक छोट्या होडीतून वल्हवत होता. इतका हळू वल्हवायची त्याला सवय नसावी. "काका, दमलात तर होडी धरा," तो म्हणाला. "धरून थांबायला परवानगी आहे. फक्त पुढे सरकायचं नाही."

"सरकतोय कुठे मी," स्वल्पविराम म्हणाले, आणि पुढे गेले.

थोड्या वेळाने मागून पांढऱ्या टोप्या आल्या आणि त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंनी निघून गेल्या. एक मात्र गेली नाही. तो एक दांडगा तरुण होता, व्यायामशाळेत शिकवणारा, दंड एवढे की टोपी लहान मुलाची वाटावी. त्याच्या तोंडात लाट गेली होती. तो हातांनी पाणी झोडपत होता, डोळे मोठे झाले होते आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. होडी तेव्हा जरा लांब, दुसऱ्या कुणालातरी वळणाची खूण दाखवायला गेली होती.

स्वल्पविरामांना कुणाला वाचवता येत नव्हतं. जवळ गेलो तर हा आपल्यालाही घेऊन जाणार, एवढं त्यांना कळलं. त्यांना जगात एकच गोष्ट उत्तम येत होती. ते हात लावणार नाहीत एवढ्या अंतरावर उताणे झाले आणि मेट्रनबाईंच्या आवाजात ओरडले, "हातपाय हलवायचे नाहीत. इकडे बघ. माझ्यासारखं पडून राहा."

तरुणाने पाहिलं. पोट वर, कान पाण्यात, चेहऱ्यावर दुपारच्या झोपेची कळा, असा एक माणूस भर समुद्रात पडला होता.

"बुडेन मी," तो कसाबसा म्हणाला.

"मान सैल. कान बुडव. ढग किती आहेत?"

"काय?"

"ढग. मोज."

तो मागे रेलला. एकदा तोंडावरून पाणी गेलं, तो धडपडला, आणि पुन्हा रेलला. "चार," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पाच."

"पाचवा कुठला?"

"उजवीकडे. बारीक आहे."

स्वल्पविरामांच्या नजरेतून तो निसटला होता. ते दोघे तसेच पडून राहिले, शेजारी शेजारी, लाटांवर खालीवर होत. तरुणाचा श्वास खाली आला. मग रडका आवाज आला. "काका, मी नव्वद किलो उचलतो."

"इथे काही उचलायचं नाहीये," स्वल्पविराम म्हणाले.

होडी आली. जीवरक्षकाने तरुणाला वर घेतलं, वहीत काहीतरी खरडलं आणि विचारलं, "तुम्हीही येता का काका?"

खरं सांगायचं तर त्यांना जायचं होतं. होडीत कोरडा टॉवेल दिसत होता. पण आता इतका वेळ ज्याला धीर दिला त्याच्या शेजारी टॉवेल गुंडाळून बसायचं, म्हणजे मघाशी बोललो ते सगळं परत घ्यायचं. "नाही, मी आपला येतो हळूहळू," ते म्हणाले.

पोहायला पन्नास मिनिटांची मुदत होती. ते अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला वाळूवर आले, तेही एका लाटेने ढकललं म्हणून. पाय जमिनीला लागले तेव्हा जमीन हलत होती. कुंपणापलीकडून निरीक्षक ओरडत होते, "सदरा, सदरा." स्वल्पविरामांनी ओल्या अंगावर सदरा ओढला, शिरस्त्राण चढवलं, सायकलीचा स्टँड काढला आणि निघाले. सदरा उलटा होता आणि शिरस्त्राणही मागचं पुढे होतं, हे त्यांना पहिल्या वळणावर कळलं. तिथे क्रमांक लिहून घेणाऱ्या एक स्वयंसेविका बसल्या होत्या आणि स्वल्पविरामांच्या अंगावर क्रमांकच दिसत नव्हता.

"थांबा. क्रमांक दाखवा."

क्रमांक आतल्या बाजूला होता. स्वल्पविरामांनी सायकल थांबवली, सदरा वर केला आणि आतून क्रमांक दाखवला. त्याबरोबर पोटही दिसलं. स्वयंसेविकेने दुसरीकडे पाहत सात लिहून घेतलं.

निरीक्षकांची सायकल चढावर चालत नसे, ती ओढावी लागे. उतारावर मात्र तिला कुणी अडवू शकत नव्हतं, ब्रेकही नाही. बाराव्या किलोमीटरला साखळी उतरली. स्वल्पविराम रस्त्याकडेला बसले, पिशवी सोडली, यादी वाचली, मधला पाना घेतला, चिंधीने हात पुसले, आणि दहा मिनिटं खर्चून साखळी चढवली. त्या तीन पान्यांवरून त्यांनी निरीक्षकांची इमारतभर केलेली थट्टा त्यांना आठवली आणि त्यांना थोडं ओशाळल्यासारखं झालं. ताणकाट्याचा उपयोग मात्र तेव्हाही कळला नाही.

पळायला लागले तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. पाणी देणारी टेबलं मिटली होती. मागून एक टेम्पो येत होता. त्यातला माणूस रस्त्यावर मांडलेले नारिंगी शंकू एकेक उचलून आत टाकत होता. स्वल्पविराम पुढे सरकले की त्यांच्यामागचा रस्ता नाहीसा व्हायचा.

"तुम्ही पुढे जा ना," ते टेम्पोच्या चालकाला म्हणाले. "माझ्यामुळे तुमचा खोळंबा."

"नाही जाता येत. शेवटच्या स्पर्धकाच्या मागेच राहायचं, असा नियम आहे." चालकाने खिडकीतून हात बाहेर काढून दार थोपटलं. "येताय का आत? बसायला जागा आहे."

बसचा तो पहिला आठवडा स्वल्पविरामांना आठवला. "आज नको," ते म्हणाले.

"मग चालू द्या," चालक म्हणाला. "घाई काही नाही. मला आठ तासांची हजेरी लावलीय."

शेवटच्या किलोमीटरला बाई उभ्या होत्या. एका खांद्याला पर्स, दुसऱ्या हातात घड्याळ. त्या फुटपाथवरून त्यांच्याबरोबर चालायला लागल्या, मग भराभर चालायला लागल्या, आणि मग चक्क पळायला लागल्या. शाळेत घंटा झाली तरी न पळणारी बाई.

"तीन तासांची मुदत आहे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तुमचे दोन तास चोपन्न मिनिटं झालीत. हजार मीटर उरलेत. सहा मिनिटांत बसवायचं तर मिनिटाला जवळजवळ एकशे सदुसष्ट मीटर पडतात."

"जमणार आहे का?"

बाई आयुष्यात कधी गणितात खोटं बोलल्या नव्हत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "पण पळा."

ते पळाले. तीन तास चार मिनिटांनी त्यांनी रेषा ओलांडली. मागून टेम्पो आला आणि चालकाने हॉर्न वाजवला. रेषेवर पांढरे केस बारीक कापलेल्या एक मुख्य पंच बसल्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, वही पाहिली, आणि खेदाने पेन उचललं. "मुदतीबाहेर. चार मिनिटं."

"बरोबर आहे," स्वल्पविराम म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटत नव्हतं. त्यांना फक्त कुठेतरी बसायचं होतं.

पण टॉवेल गुंडाळलेला तो व्यायामशाळेचा तरुण गर्दीतून पुढे आला. तो घरी गेलाच नव्हता. "हे माझ्यासाठी थांबले होते पाण्यात," तो म्हणाला. जीवरक्षकही आला आणि त्याने वही काढली. मदतीला थांबलेला वेळ वजा होतो, असा नियम होता, पण वही भिजली होती आणि आकडा फिसकटला होता.

"हा सहा आहे की आठ?" पंचबाईंनी वही उजेडाकडे धरली.

"सहा धरा," बाई म्हणाल्या. "सहा धरले तरी दोन मिनिटं उरतात."

निरीक्षक कुंपण ओलांडून आत आले होते. "आठ असतील," ते म्हणाले. जगात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी जास्त भरलेलं दिसत होतं.

पंचबाईंनी सहा वजा केले. दोन तास अठ्ठावन्न मिनिटं. सात क्रमांकापुढे त्यांनी 'पूर्ण' असं लिहिलं. निकालात स्वल्पविराम शेवटचे आले. पण एकतीस जणांनी स्पर्धा अर्धवट सोडली होती, त्यामुळे शेवटून मोजायचं तर कुठून मोजायचं, यावर निरीक्षकांनी पंचबाईंशी वाद सुरू केला.

तो वाद लांबणार हे पाहून नवरा-बायको पाण्याच्या बाजूला गेले. ओहोटी लागली होती. किनारा मोकळा होत आला होता. स्वल्पविराम वाळूवर बसले. बाई उभ्याच राहिल्या, समुद्राकडे पाहत. मग त्यांनी चपला काढल्या, पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली आणि घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

"मेट्रन बायकांनाही शिकवतात का?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना ओरडतात."

"किती आठवडे लागतील?"

"तुला कमी लागतील," स्वल्पविराम म्हणाले. "तू ऐकतेस तरी."

बाई पाण्यात घोट्यापर्यंत गेल्या. लाट आली तशा एक पाऊल मागे सरल्या, आणि ती ओसरल्यावर दोन पावलं पुढे गेल्या. स्वल्पविराम गुडघे धरून कसेबसे उठले. पर्स कोरड्या वाळूवर नीट ठेवली, आणि लंगडत त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"थंड आहे," बाई म्हणाल्या.

"सुरुवातीला असतं."

पुढची लाट गुडघ्यांपर्यंत आली. या वेळी बाई मागे सरल्या नाहीत.